अमावस्येला गप झोपलेला कॉम्प्युटर

शहापुरात आमचं घर म्हंजे पुढं दोन पॉवरलूम, मधी एक भिंत, आणि भिंतीच्या अलीकडं आम्ही सगळी. माग चालू असले की बोलायचं ते वरडूनच. लग्न होऊन बोरगावाकडनं आले तवा मला वाटायचं सासूबाई सारख्या रागावत्यातच, मग कळलं की त्या नुसतं ‘चहा ठेव’ म्हणत्यात. त्यांना मी आत्ती म्हणते. त्या बसून कांड्या भरत्यात, म्हंजे धोट्यात घालायच्या दोऱ्याच्या बारक्या नळ्या, आणि आमचे हे माग चालवत्यात.

कांड्या भरायला मी बी शिकले, पण पोटात बाळ हुतं तवा बसून बसून पायाला सूज आली, म्हणून ह्यांनी मला कॉम्प्युटरवर बसवलं. कॉम्प्युटर कंपनीचा तयार न्हवं. ह्यांच्या ओळखीचे एक अण्णा हाईत, त्यांनी पेटी एकाची, पंखे एकाचे, असं सगळं सुटं सुटं आणून जोडून दिलेला. त्यावर साडीचा काठ आणि पदर भरायचा. बारके बारके चौकोन असत्यात, एक चौकोन म्हंजे एक धागा, सगळा मोर, सगळी कुयरी चौकोन-चौकोन रंगवून झाला की ते पेनड्राइव्हवर घालून मागाच्या डोक्यावरच्या पेटीत लावायचं, मग माग तसंच विणतोय.

मी नववीपर्यंतच शिकलेली. इंग्रजी अक्षरं जुळवून वाचते, तीबी पाटीवरची. पण चौकोनाला इंग्रजी लागत न्हाय. माझा पहिला पदर मागावर चढला तवा हे म्हणाले, “मोराची मान बघ की गं, वळलीया बरोबर!” आणि मला आत कायतरी झालं, मी तोंड फिरवून पोळपाट धुवायला घेतला. त्या घरात त्या एका खुर्चीवर कुणी मला कितवी शिकलीस म्हणून विचारत न्हवतं. म्हणून ती खुर्ची जाईल म्हटल्यावर माझी जी गत झाली ती झाली.

कॉम्प्युटरला ह्यांनी असं लावून ठेवलंतं की थोडा वेळ हात लावला न्हाय तर तो आपणच झोपतोय. स्लीप म्हणत्यात त्याला. बंद पडत न्हाय, परत हात लावला की जिथलं काम तिथनंच. बाळ झाल्यावर मला ह्याचा लई आधार हुता. बाळ रडलं की तसंच उठायचं, पाजायचं, लंगोट बदलायचा, आणि येऊन बघावं तर मोर अर्धा तसाच थांबलेला.

बाळ झालं तवा खोलीत अदलाबदल झाली. पाळणा टांगायची कडी तुळईला एकाच बाजूला हुती, तितं कॉम्प्युटरचं टेबल हुतं. मग टेबल सरकवून मागाच्या भिंतीला लावलं. कापसाचं तूस उडतंय म्हणून मी पेटीवर जुनं लुगडं बी घातलं, चांगलं दुहेरी करून. आमच्यात सगळ्यावरच कापड घालत्यात, मिक्सरवर, टीव्हीवर, शिलाई मशीनवर. मला वाटलं मी चांगलंच करतीया.

आणि तवापासनं कॉम्प्युटर झोपेनासा झाला.

मला पहिल्यांदा कळलंच न्हाय. मी उठून चुलीकडं गेले की तो झोपायचा आणि मी नसताना जागा व्हायचा. कांड्या घेऊन आत्ती त्या खोलीतनं मागाकडं जायच्या, त्यांना दिसायचं, पडदा लख्ख उजळलेला आणि खुर्ची मोकळी.

“कुठं गेलीस गं टाकून?”

“आत्ती, मी भांडी घासाय आलेते.”

“मग ह्यो कुणासाठी लावून ठेवलायस? भिंतीला दाखवतीस व्हय?”

मी पळत जाऊन बघायची, तर खरंच उजळलेला. मला वाटायचं मीच कायतरी दाबून आले असणार. दुसऱ्या बारीला मी डोळ्यांनी बघून उठले, पडदा काळा झाला, पेटीवरचा दिवा उघडझाप कराय लागला, म्हंजे झोपला. न्हाणीत जाऊन बाळाचे कपडे पिळून आले तर परत उजळलेला, आणि आत्ती कमरेवर हात ठेवून उभ्या.

“माझं पाऊल वाजलं की उठून पळतीस, एवढं काय बघतीस त्यात?”

“न्हाय ओ आत्ती, काय न्हाय बघत.”

“मग आपणच लागतंय? भूत हाय आत?”

न्हाय न्हाय म्हटलं की माझं तोंड आणि लाल व्हायचं, आणि लाल झालेलं तोंड बघून त्यांना वाटायचं, हं, हाय कायतरी. मी खोटं बोलत नसताना सुद्धा खोटं बोलणाऱ्यासारखी दिसते. ही खोड शाळेपासनं हाय.

दिवसभर झोप न्हाय म्हटल्यावर कॉम्प्युटर तापाय लागला. पंखे असे वरडायचे की माग बंद झाला तरी एक माग चालूच हाय असं वाटायचं. आणि मंद झाला. चौकोन दाबला की लगेच भरायचा न्हाय, मी परत दाबायची, मग दोन्ही बारीचं एकदमच उमटायचं आणि मोराच्या पायाला जास्तीचं बोट फुटायचं. एका लग्नाच्या साडीचा पदर घेतलेला, व्यापाऱ्याचा फोन ह्यांना सारखा यायचा. हे माझ्यावर डाफरायचे, “अजून मान बी झाली न्हाय?” ह्यांनी अण्णांना फोन लावला. अण्णा म्हणाले, लई तापत असंल तर आतल्या प्रोसेसरला जरा आवरायला लागतंय, आणि सांगितलं तसं ह्यांनी त्याची ताकद निम्म्यावर आणून ठेवली. पंखे जरा गप झाले. पण कॉम्प्युटर आणिकच मंद झाला, आणि आता तर बारकं काम सुद्धा सरकंना.

बाण बी थरथरायचा. माऊसचा पडद्यावरचा बाण. चौकोनावर नेऊन थांबवला तरी जाग्यावर हलत राहायचा, मुंगी अडकल्यासारखा. मला वाटायचं, माझाच हात थरथरतोय. हात खरंच थरथरायचा तवा, म्हणून कुणाला बोलले न्हाय.

मग त्या दिवशी मी मागच्या नळावर हुते. नळाला पाणी आलंतं, घागरी भरायच्या हुत्या, दोन्ही माग धडाधडा चालू, आणि बाळ पाळण्यात रडून रडून काळंनिळं झालं तरी मला ऐकू आलं न्हाय. आत्ती कांड्या घेऊन आल्या. बाळ तसं, कॉम्प्युटर उजळलेला, टेबलावर माझा मोबाईल. आणि मी न्हाय.

मी ओल्या लुगड्यानं आत आले तवा बाळ त्यांच्या खांद्यावर हुंदके देत हुतं.

“ये, ये राणी. बघून झालं सगळं? लेकरू मरतंय हितं.”

“मी नळावर हुते आत्ती, पाणी…”

“आणि हे? हे काय नळावरनं लावलंस?”

माग थांबला. हे पदराच्या कडेचा दोरा बोटाला गुंडाळतच आत आले. आत्ती त्यांना म्हणाल्या, “बघ तू. त्यात दिसतंय म्हणत्यात न्हवं कुणी काय बघितलं ते? आत्ताच्या आत्ता बघ, माझ्यासमोर.”

ह्यांनी खुर्ची ओढली. मला वाटलं बरंच झालं, बघू दे, त्यात चौकोनाशिवाय काय हाय? पण मला एक म्हायत न्हवतं. मोबाईल आणि कॉम्प्युटर दोन्ही ह्यांच्याच नावावर चालत्यात, आणि मी मोबाईलात तोंडानं बोलून जे विचारायची ते सगळं तितं उमटलेलं. एकाखाली एक.

हे मोठ्यानं वाचाय लागले. पहिलं वाचलं तवा जरा हसूनच. “बाळ झोपेत घोरल्यासारखा श्वास का घेतंय.”

मग, “बाळ श्वास घेताना मधीच थांबतंय काय करायचं.”

मग, “आईचं दूध पुरत न्हाय हे कसं ओळखायचं.”

हसणं गेलं. आवाज बी बारीक झाला. मग ते थांबले आणि मला कळलं आता कुठलं आलंय ते. मी म्हटलं, “राहू द्या की अवं.”

आत्ती म्हणाल्या, “वाच.”

“नववीपर्यंत शिकलेल्या आईचं बाळ हुशार होतंय का.”

मी जमिनीकडं बघत हुते. लुगड्याचं पाणी ठिबकून पायाखाली साचलंतं, आणि मी ते अंगठ्यानं पसरवत हुते, पसरवत हुते. कुणीतरी मला उघडं करून अंगणात उभं केल्यासारखं वाटलं. वाईट काय बघितलेलं सापडलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

आत्तींनी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाल्या, “घरात माणूस असताना मोबाईलला विचारतीस? मी काय मेलीया व्हय?” आणि बाळ माझ्या हातात देऊन निघून गेल्या.

ह्यांनी ठरवून टाकलं. रागानं न्हवं, थकून. “अमावस्येला माग बंदच असतोय. त्या दिवशी कॉम्प्युटर नेऊन अण्णांकडं ठेवतो. पदर त्यांच्याकडनंच भरून घेऊ. तुझ्याच्यानं बाळ आणि हे दोन्ही हुईत न्हाय.” मी व्हय म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बाळ रडलंतं हे खरंच की.

अमावस्येला आमच्या गल्लीत एक बी माग चालत न्हाय. आपलाच न्हवं, शेजारचे बी बंद. सकाळी उठलं की कानात दडा बसल्यासारखं होतंय, लांबच्या देवळातली घंटा सुद्धा ऐकू येती. ह्यांनी माग पुसून हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. संध्याकाळी गाडी घेऊन येतो म्हणून बाहेर गेले.

मी शेवटचं म्हणून कॉम्प्युटरवर बसले. जेवढं होईल तेवढं भरून देऊया, अण्णांना कळायला पायजे मान कशी वळवलीया ते. हात कधी नव्हं एवढा कापत हुता. चौकोनावर बाण नेला, हात उचलला. बाण थांबला. दगडासारखा. मी बघतच बसले. माझा हात कापतोय आणि बाण थांबलाय.

बाळ रडलं, मी उठले. पाजलं, झोपवलं, भाकरी केल्या, अधनंमधनं डोकावून बघत हुते. पडदा काळा. भांडी घासून आले, काळाच. आत्ती एकदा खोलीतनं गेल्या, त्यांनी बी बघितलं. सकाळपासनं दुपारपर्यंत तो झोपला हुता, बाळ सुद्धा तेवढं झोपत न्हाय.

भाकरीचा तवा उतरवता उतरवता माझ्या डोक्यात आलं, आज काय न्हाय? आज माग न्हाय. मी भिंतीवर तळहात ठेवला. गार, गप. रोज त्या भिंतीला हात लावला की मुंग्या येत्यात, एवढी हादरती ती. आणि टेबल त्याच भिंतीला चिकटलेलं. आणि माऊस टेबलावर. आणि माऊस जरा हलला की कॉम्प्युटर उठतोय. दोरा तुटून माग जरा थांबले की तेवढ्यात झोपायचा, चालू झाले की उठायचा. पण कुणाला सांगायचं, आणि माझं कोण ऐकणार?

हे परत आले तवा दाराबाहेर रिक्षाटेंपो उभा हुता. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं एका दमात बोलून टाकलं, भिंत, टेबल, बाण, आणि शेवटी म्हटलं, “अवं, एकच माग. थोडासाच चालू करा. तेवढ्यात कळतंय.”

आतनं आत्तींचा आवाज आला. “काय म्हणाली ती?”

“एक माग लावा म्हणती,” ह्यांनी सांगितलं.

“अमावस्येला माग? तुझ्या बानं जन्मात या दिवशी धोट्याला हात लावला न्हाय, आणि हिच्या कॉम्प्युटरासाठी माग लावायचा?”

“न्हाय आत्ती, चुकलं माझं.” मी पार खाली मान घातली. एवढी लाज त्या वाचण्याच्या दिवशी बी वाटली नसंल, कारण ह्या बारीला मी आपण होऊन मागितलंतं. ह्यांनी कॉम्प्युटरच्या वायरी काढायला हात घातला.

“थांब रं,” आत्ती म्हणाल्या. “भिंत हादरायचीच हाय न्हवं? मग माग कशाला पायजे? मिरच्या कुटायच्या हाईतच मला. बघू दे खोटं पडतंय का.”

त्यांनी दगडी उखळ ढकलत ढकलत मागाच्या खोलीत नेलं, भिंतीला टेकवलं. आम्ही अलीकडं, कॉम्प्युटर झोपलेला, दिवा उघडझाप करतोय. पलीकडनं मुसळ पडलं. धप्प. काय न्हाय. परत धप्प. काय न्हाय. मग आत्तींनी दोन्ही हातांनी घेतलं असणार, धप्प धप्प धप्प, कुणाचा तरी सूड घेतल्यासारखं, वरनं पोपडं पडाय लागले, आणि पडदा फाडकन उजळला. अर्धा मोर समोर. कुणीच हात न लावता. बाळ बी त्याच वेळेला दचकून उठलं आणि भोकाड पसरलं.

“लागला!” हे वरडले. “आये, लागला गं!”

आत्ती मुसळ हातात घेऊनच दारात आल्या. मिरचीनं डोळ्यांतनं पाणी वाहत हुतं, शिंकत हुत्या. पडद्याकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं. खुर्ची मोकळी हुती.

ह्यांनी अण्णांना फोन लावला. अण्णा पलीकडं हसाय लागले. “अरे, मागाच्या भिंतीला लावलंय हे मला कुणी सांगितलंच न्हाय! वैनींना दे फोन. वैनी, बसा तुम्हीच.”

“मला इंग्रजी येत न्हाय ओ अण्णा.”

“मी अक्षरं सांगतो, तुम्ही शोधा.”

मोबाईल मोठ्यानं लावून ते सांगत गेले आणि मी शोधत गेले. माऊसच्या नावावर उजवं बटण. मग वर कप्पे असत्यात, त्यातला शेवटचा, पी पासनं सुरू होणारा. पॉवर, हा शब्द मला आला, पॉवरलूमच्या पाटीवरचा. त्यात एका चौकोनात बरोबरची खूण हुती. म्हंजे माऊसला कॉम्प्युटर उठवायचा अधिकार दिलेला. ती खूण काढायची. चौकोनच की शेवटी. मी दाबला, खूण गेली.

“आता उठवायचा असला की कीबोर्डचं बटण दाबायचं, माऊस हलवून उठणार न्हाय. आणि पेटीवर काय घातलंय का?”

“लुगडं,” मी म्हटलं.

“काढा आधी ते! त्याला दम लागतोय आत. तापला की आपला जीव वाचवायला तो आपणच हळू होतोय. वर तुम्ही त्याची ताकद बी निम्मी केलीसा. परत पूर्ण करा, आणि टेबल भिंतीपासनं हातभर ओढा.”

लुगडं काढलं. घडीच्या आत हात घातला तर भाकरी झाकल्यासारखं गरम.

पडदा काळा झाल्यावर आत्ती परत गेल्या आणि पुन्हा कुटाय लागल्या. आधीपेक्षा जोरानं. आम्ही दोघं बघत उभे, बाळ माझ्या कडेवर हुंदके देत. धप्प धप्प धप्प. पडदा काळाच राहिला. मिरच्या सगळ्या कुटून झाल्या तरी काळाच.

ह्यांनी दाराबाहेर जाऊन टेंपोवाल्याला सांगितलं, “जावा तुम्ही, न्यायचं काय न्हाय.” आत येऊन मला म्हणाले, “पदर परवापर्यंत हुईल?” मी म्हटलं, हुईल. तेवढंच. चुकलो बिकलो असलं काय ते म्हणाले न्हाईत, आणि मी बी वाट बघितली न्हाय. पण दिवा लावायच्या वेळेला कॉम्प्युटरसमोर बसून, तोंड तिकडंच ठेवून म्हणाले, “ते उमटलेलं सगळं पुसून टाकू?”

मी व्हय म्हटलं. पुसलं त्यांनी. पडद्यावरनं गेलं. पण ऐकलेलं थोडंच जातंय? त्यानंतर लई दिवस मी आत्तींच्या समोर बाळाला पाजायला बसले की पाठ करून बसायची. दूध पुरतंय का न्हाय हे त्यांना म्हायत झालंतं ना, माझ्या तोंडानं न्हवं, त्या पडद्यावरनं.

त्याच अमावस्येची गोष्ट, जेवणं झाल्यावर मी मिरचीची पूड डब्यात भरत हुते. आत्ती पाळण्याशी बसलेल्या. हात बाळाच्या छातीवर. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, “काय सांगितलं गं त्यानं?”

“कुणी, आत्ती?”

“मोबाईलनं. श्वासाचं. मधीच थांबतंय त्याचं.”

माझे कान तापले. डबा खाली ठेवला. “लहान बाळं तसाच घेत्यात म्हणं. थांबून थांबून. लई वेळ थांबला, न्हायतर ओठ निळं झालं, तरच दवाखान्यात न्या म्हणतंय.”

“असं म्हणतंय?”

“व्हय.”

त्यांनी हात तसाच ठेवला. बाळाचा श्वास थांबला, आम्ही दोघी बी थांबलो, आणि परत चालू झाला.

“मग मला सांगायचं न्हवं का गं,” त्या म्हणाल्या. “मला बी झोप लागत न्हाय, उठून हात लावून बघितल्याबिगार.”